सरळ रेघेचा पक्षी

साउथहॅम्प्टनच्या बंदरापलीकडे खाडीच्या काठाला एक राखीव पाणथळ आहे. तिथे जाणारी बस बंद झाली तेव्हा बाबांनी पत्रक काढलं. बाबा त्याच मार्गावर बस चालवायचे, त्यामुळे त्या बसमधून कोण जातं हे त्यांना तोंडपाठ होतं. काठी टेकत येणारी एक आजी, प्रॅम घेतलेल्या दोन आया, रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट पाण्याकडे जाणारा एक वॉर्डबॉय. ‘गाडी नसलेल्या माणसाला पक्षी बघायचा हक्क नाही काय?’ असा पत्रकाचा मथळा होता. बस काही परत आली नाही. मथळा मात्र माझ्या डोक्यात रुतून बसला.

मी पत्रकांवरच वाढले. इचलकरंजीत बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ बघ’च्या आधी वाचता यायचे. पुढे आईला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, आम्ही सगळे इकडे आलो, बाबा बसवर लागले. देव्हारा आमच्याकडे तिथेही नव्हता, इथेही नाही. घरात पाळायचा नियम एकच होता: छापतो ते खरं असलं पाहिजे. छापल्यावर कळलं की ते खरं नव्हतं, तर ते आपणच सगळ्यांत आधी सांगायचं.

तर ती पाणथळ. बस नाही, ठीक आहे. पाणथळच लोकांच्या घरी पाठवू, असं मी एका रागाच्या भरात ठरवलं. राग आला की मला कामं सुचतात. कल्पना साधी होती. इंटरनेटवर एक पान, त्यावर पाणथळीचा नकाशा, नकाशावर ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथलं चित्र दिसावं, तिथला आवाज ऐकू यावा, आणि सोबत माझं थोडं लिखाण, इंग्रजीत आणि मराठीत. मराठीत कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. इथल्या डॉक्टरांचे आईवडील पुण्याहून, नाशिकहून सहा-सहा महिने येतात आणि लेक-सुना कामावर गेले की खिडकीत बसून समोरच्या घराची विटांची भिंत बघतात, ते मी पाहिलेलं आहे. त्यांच्यासाठी.

पाणथळीचा वॉर्डन भला माणूस. घरट्यांच्या जागा सोडून काय हवं ते दाखवा, म्हणाला. चित्रं काढायला, म्हणजे कॅमेऱ्याने छोट्या फिल्म घ्यायला, माझी मैत्रीण आली. ती लीड्सला जन्मलेली, डॉक्टरांची मुलगी, इथे नोकरीला. तिचं मराठी घरातल्या घरात शिकलेलं, त्यात कुठलीही वस्तू कधीही पुरुष होते आणि कधीही बाई. आणि आवाजासाठी काका आले.

काका माझे कुणी लागत नाहीत. इथल्या सगळ्या मराठी लोकांचे ते काका. हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, आता निवृत्त. पक्ष्यांचे आवाज टिपणं हा त्यांचा जुना छंद. केसाळ टोपडं घातलेला त्यांचा मायक्रोफोन बघून मैत्रीण पहिल्याच दिवशी म्हणाली, “काका, हा तुमची कुत्री आहे का?”

“हो. भुंकत नाही, फक्त ऐकते,” काका म्हणाले. “तुझ्यापेक्षा बरी आहे.”

मला ते पत्रकबाई म्हणायचे. “पत्रकबाई, आज कुणाचा निषेध?” अशी सुरुवात व्हायची. मी खरंच कुणाचा तरी निषेध करत असायचे, त्यामुळे पुढचा अर्धा तास चांगला जायचा.

कामाचा पहिला नियम मीच मांडला होता. या पानावर जे ऐकू येईल ते याच पाणथळीत टिपलेलं असेल. टीव्हीवरच्या फिल्ममध्ये हरणाच्या पायाचा आवाज स्टुडिओत बसून काढतात, हे मला समजलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. आपल्याकडे तसं नको. बंदरातल्या क्रेनचा खडखडाट आला तर येऊ दे. लोकांना खरी जागा मिळायला हवी, सजवलेली नको.

काकांना हा नियम फार आवडला होता. आणि त्यांना एक पक्षी हवा होता.

इंग्रजीत त्याचं नाव नाकतोड्यावरून पडलंय. आम्ही आपलं त्याला नाकतोड्या वटवट्या म्हणायला लागलो. मातकट रंगाचा, चिमणीहूनही लहान, काटेरी झुडपात दडून बसणारा. दिसत जवळजवळ नाहीच. उन्हाळ्याच्या तोंडाला आफ्रिकेतून येतो आणि पहाटे-संध्याकाळी रातकिड्यासारखं एकसारखं किर्र करत राहतो. काका इथे नवीन आले तेव्हा, नोकरी पक्की नव्हती, काकू अजून तिकडेच होत्या, तेव्हा ते एकटे या पाणथळीवर येऊन बसायचे आणि तो आवाज ऐकायचे. “घरी आल्यासारखं वाटायचं गं. आमच्या साताऱ्याच्या घरामागे रातकिडे असेच ओरडायचे.” नंतर तो पक्षी इथे यायचा बंद झाला. कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. वॉर्डननेही नाही.

एप्रिल संपता संपता काकांचा फोन आला. त्यांचा आवाज चढलेला होता. “सापडला! अगं, सापडला! पुलापलीकडच्या झुडपात. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, स्वच्छ!”

मी ओरडलेच. बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं, “बस सुरू झाली का?”

काकांनी फाइल पाठवली. संध्याकाळी मी मैत्रिणीकडे गेले. ती पानावर आवाज चढवायच्या कामाला बसली होती. मी आत गेले तर तिने हेडफोन काढून माझ्या डोक्यावर घातले.

किर्र आवाज होता. खूप वरच्या पट्टीत, बारीक, न थांबणारा. मी ऐकत राहिले. मिनिटभराने मला तो आवाज ओळखीचा वाटायला लागला. पक्षी म्हणून नाही. बंदराच्या कुंपणाजवळ बसस्टॉप आहे, तिथे बाबांची वाट बघत मी शाळेनंतर खूप वेळा उभी राहिले आहे. कुंपणाआड फ्रिजवाले कंटेनर रांगेने ठेवलेले असतात, केळी आणि मांस घेऊन आलेले. त्यातल्या एखाद्याचा पंखा खराब झाला की असाच किरकिरतो. पाण्यावरून आवाज फार लांब जातो.

“हा बर्ड नाहीये,” मैत्रीण म्हणाली. “आय अ‍ॅम टेलिंग यू. कुठे थांबतच नाही ती. श्वास कुठे घेतली?”

“काकांना कसं कळलं नाही?”

“त्यांना ऐकू येत नाही.” तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी अर्थच लागला नाही. “म्हणजे बोललेलं येतं. हाय पिच नाही येत. परवा माझ्या कारचा सीटबेल्टवाला बीप वाजत होती, केवढ्या वेळ, ते मजेत बसलेले. माझ्या डॅडला पण असंच झालं.”

“मग ते रेकॉर्डिंग कसं करतात?”

तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं. आवाजाचं चित्र होतं, काळ्यावर हिरवं. खाली बंदराची घरघर धुक्यासारखी पसरलेली, आणि वर, सगळ्यांच्या वर, एक सरळ पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पक्ष्यांच्या पुस्तकात नाकतोड्या वटवट्याच्या आवाजाचं चित्र छापलेलं असतं ते बरंचसं असंच दिसतं. काकांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं. झोपलेल्या माणसाच्या उशाशी आयुष्यभर बसून ज्यांनी मॉनिटरवरून माणूस वाचला, त्यांनी पक्षीही मॉनिटरवरूनच वाचला.

“राहू दे ना,” मैत्रीण म्हणाली. “इट्स ब्युटिफुल. कोणाला कळणार आहे? काकू म्हणाल्या, किती दिवसांनी ते एवढे खूश आहेत.”

“वॉर्डनला कळेल. आणि नाही कळलं तरी काय? खोटं आहे ते.”

“तू ना, कधी कधी इतका हार्ड होतेस.”

मी चिडले. म्हणाले, एखाद्या म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून आपण शंभर लोकांना खोटा पक्षी ऐकवायचा? त्यात त्याचा तरी काय मान? आपण त्याला खोट्या पक्ष्यात गुंडाळून कोपऱ्यात बसवतोय. हे सगळं मी उभं राहून, हातवारे करत बोलले. मैत्रीण ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “ओके. पण मग तू सांग त्यांना. मी गाडी चालवीन.”

काकांच्या घरी गेलो तर त्यांनी मोठे स्पीकर जोडून ठेवलेले. काकूंनी थालीपिठं केली होती. “या, या पत्रकबाई! सिनेमावाली पण आली का? बसा. आधी ऐका, मग खा.”

“अहो, आधी खाऊ तरी द्या त्यांना,” काकू म्हणाल्या.

काकांनी बटण दाबलं. किरकिर खोलीभर झाली. काकूंनी कानावर हात जाईल असं तोंड केलं आणि लगेच आवरलं. काका डोळे मिटून, बोटाने हवेत ताल धरून बसले होते. त्यांना खालची घरघर तेवढी ऐकू येत असणार. तो सगळा वेळ ते नेमकं काय ऐकत होते, कुणास ठाऊक.

मी सांगितलं. घरातून निघताना खूप शब्द जुळवले होते, त्यातला एकही आला नाही. “काका, हा पक्षी नाही. बंदरातला फ्रिजचा कंटेनर आहे.”

काकूंनी स्पीकर बंद केला. काका माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. “काहीतरीच काय. चित्र बघ ना.” त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. “हा पट्टा बघ. सरळ आहे ना? एकसारखा?”

“सरळ आहे म्हणूनच,” मी म्हणाले. “पक्षी मान वळवतो, तेव्हा आवाज कमी-जास्त होतो. मध्ये थांबतो, श्वास घेतो. ही रेघ कुठेच हलत नाही.”

काका स्क्रीनकडे वाकले. बराच वेळ त्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. मग त्यांनी लॅपटॉप मिटला.

“मॉनिटरवर सरळ रेघ दिसली की जन्मभर उठून धावलो मी,” ते म्हणाले. “आणि आज ती बघून खूश झालो.”

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नंतर कळलं की काकूंना केव्हापासून माहीत होतं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की पीप-पीप वाजतं, ते काकांना ऐकू येत नाही. काकू गुपचूप उठून दार लावायच्या. त्याचा कधी विषय काढला नाही. थालीपिठं आम्ही डब्यात घालून घरी नेली.

दोन दिवसांनी काका आमच्या दारात मायक्रोफोन, हेडफोन, सगळं एका पिशवीत ठेवून गेले. आत आले नाहीत. बाबा घरी होते, त्यांना म्हणाले, “मुलींना द्या. कुणीतरी ऐकू येणारा माणूस बघा म्हणावं.”

मी पिशवीकडे बघत बसले. मी बरोबर होते, हे मला माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. बाबांना सगळं सांगितलं. ते बूट पुसत होते, कामावर निघायचं होतं.

“पत्रकात चूक गेली तर आपण काय करायचो?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापायचो.”

“आणि छापणाऱ्याला घरी पाठवायचो का?”

“नाही.”

“मग?” म्हणाले, टोपी घातली आणि गेले.

मी आधी स्वतःच मायक्रोफोन घेऊन पाणथळीवर गेले. काकांकडे जाताना मला नुसती सहानुभूती घेऊन जायचं नव्हतं. सहानुभूतीचा मला पत्रकांमुळेच तिटकारा आहे, मागणी मान्य करायच्या जागी मालक नेहमी तीच देतात. तासभर रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन ऐकलं तर त्यात सगळी मीच होते. माझं जाकीट खसखसतंय, माझं नाक वाजतंय, मी पायावर भार बदलतेय, माझा हात थरथरल्याचा गुरगुराट. काकांच्या टेपांत असं कधीच काही नसायचं. ते इतके निश्चल उभे राहायचे की एकदा एक चिखलपक्षी त्यांच्या बुटाजवळून चरत गेला होता. स्थिर राहणं हे काम आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ते रेकॉर्डिंग घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि ऐकवलं. खालच्या पट्टीतला गोंधळ त्यांना चांगला ऐकू येत होता. त्यांचा चेहरा दुखल्यासारखा झाला.

“हे काय? हत्ती चालतोय का?”

“मी आहे.”

“अगं, काय भयंकर आहे हे!”

“तेच सांगायला आलेय. मला नुसतं ऐकू येतं. तुम्हाला नुसतं स्थिर राहता येतं. दोघांचं मिळून एक माणूस होतो.”

“दया करू नकोस माझ्यावर.”

“दया?” माझा आवाज चढला. “काका, मला तो पक्षी पाहिजे! वॉर्डन म्हणतो, बंदराकडे तोंड करून नका बसू, आतल्या काटेरी झुडपांत आशा आहे. मे महिना आहे. जूनमध्ये तो गाणं बंद करेल. तुम्ही येणार नसाल तर माझ्या नाकाचा आवाज जगभर जाईल.”

काकू आतून म्हणाल्या, “अहो, जा ना. उगीच भाव खाताय.”

काकांनी माझं रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाले, “आणि तो फ्रिज?”

“त्याचं काय?”

“तोपण घाल पानावर. बंदराच्या बाजूच्या ठिपक्यावर. खाली लिही, हा कंटेनर आहे, एका डॉक्टरला पक्षी वाटला.”

तसंच लिहिलं. मैत्रीण म्हणाली हे आपल्या पानावरचं सगळ्यात बेस्ट गोष्ट आहे. मला ते मान्य आहे.

आम्ही पहाटे जाऊ लागलो. मैत्रीण गाडीने सोडायची आणि मागच्या सीटवर झोपायची. काका मायक्रोफोन धरून उभे राहायचे, मी त्यांच्या शेजारी, हात त्यांच्या खांद्याकडे. पक्षी वाजला की खांद्याला हात लावून बोटाने दिशा दाखवायची, असं ठरलं होतं. रेकॉर्डरच्या स्क्रीनवर, रेघ दिसू नये म्हणून, त्यांनी आपली टोपी टाकून ठेवली होती.

“आहे?” ते कुजबुजायचे.

“नाही.”

थोड्या वेळाने परत. “आता?”

“नाही.”

पहिल्या पहाटे मी हे किती वेळा म्हणाले असेन. प्रत्येक वेळी मला वाटायचं, एकदा ‘आहे’ म्हटलं तर काय बिघडेल? त्यांना कुठे कळणार आहे. हे माझ्या मनात आलं, माझ्या! परतताना गाडीत मी त्यांना ते सांगून टाकलं.

ते हसले. “अगं, तू इतक्यांदा नाही म्हणालीस म्हणून तर मी उभा राहिलो. काकू असती तर पाचव्या मिनिटाला आहे म्हणाली असती. तिला घरी जायचं असतं.”

पुढच्या खेपेलाही काही मिळालं नाही. त्याच्या पुढच्या वेळी धुकं होतं, आणि पाण्यापलीकडे एक मोठी क्रूझ बोट दिवे लावून बंदरात शिरत होती, अख्खं गाव वाहत यावं तशी. मी तिच्याकडे बघून मनातल्या मनात एक पत्रक लिहीत होते. तेवढ्यात डावीकडच्या झुडपातून कुणीतरी बारीकशी चावी फिरवायला लागल्यासारखा आवाज आला. किर्र. कोरडा, भरभर. जरा मोठा झाला, जरा लहान झाला. थांबला. पुन्हा सुरू.

खांद्याला हात लावायचा हे मी विसरले. “आहे!” मी मोठ्यानेच म्हणाले. “काका, आहे! आहे, डावीकडे!”

काका वळले. फक्त कमरेपासून, पाय न हलवता. मायक्रोफोन सरकत माझ्या बोटाच्या रेषेत आला आणि तिथे थांबला. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते झुडपाकडे बघत होते, जिथे काहीच दिसत नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पक्षी गात होता तोवर दाबून धरला, थांबला की सैल सोडला, सुरू झाला की परत दाबला. बराच वेळ हे चाललं. त्यांच्या जाकिटाचा एक धागासुद्धा वाजला नाही.

वॉर्डनने ऐकलं आणि काकांचा हात हातात घेऊन हलवत राहिला.

आवाज पानावर चढवायच्या आधी आम्ही तिघं मैत्रिणीकडे बसलो. रेकॉर्डिंग उत्तम होतं. फक्त सुरुवातीला माझी किंकाळी होती. मैत्रीण म्हणाली, “हा मी कट करते. एक सेकंदाचा काम आहे.”

“कर,” मी म्हणाले. मला लाज वाटत होती. पाणथळीच्या शांततेत एक मुलगी केकाटतेय.

“थांबा,” काका म्हणाले. “परत लाव.”

तिने परत लावलं. काका स्पीकरजवळ वाकून बसले. माझा आवाज आला: आहे, काका, आहे, डावीकडे. त्यांनी मान डोलावली. मग पुढचं सगळं, जे आम्हाला दोघींना ऐकू येत होतं आणि त्यांना येत नव्हतं, तेही ते शेवटपर्यंत तसेच वाकून ऐकत राहिले.

“ते कापू नका,” ते म्हणाले. “मला त्यात तेवढंच ऐकू येतं.”

मैत्रिणीने कर्सर बाजूला घेतला आणि फाइल होती तशी चढवली.